कोरियन साहेबांची मुलं आणि ब्रिटिश होस्टेल

शीर्षक वाचून "हा कसला विषय?" म्हणत पान उलटू नका! आम्हा शिरूर-दौंडकडच्यांना कोरिया तसा शेजारचाच. रांजणगावच्या महागणपतीचं दर्शन घेतलं की जवळच एमआयडीसी. तिथे २००४ साली एलजीचा कारखाना आला, आणि फ्रीज-टीव्हीबरोबर कोरियन साहेबही आले. २०२३ मध्ये ह्युंदाईने तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना घ्यायचा करार केला. म्हणजे उद्या कॅम्पसमधून आपल्यापैकी कोणाचा ना कोणाचा बॉस कोरियन असणार. आणि चहाच्या सुट्टीत त्याने विचारलं, "मुलाला इथल्या ब्रिटिश बोर्डिंगमध्ये घालू का?" तर काय सांगाल?

प्रश्न खरा आहे. साहेबांची बदली काही वर्षांपुरती असते. ते नगर रोडने पुण्याहून रोज ये-जा करतात, पण आठवी-नववीतल्या पोराचं काय? मराठी येत नाही, इंग्रजी जेमतेम, आणि काही वर्षांनी परत कोरियात जायचं. अशा वेळी "ब्रिटिश इंटरनॅशनल बोर्डिंग" ही पाटी फार भारदस्त वाटते.

ब्रिटिश म्हणजे नक्की काय?

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. टाय, ब्लेझर, चार हाऊस, प्रीफेक्ट, असेंब्ली, सगळं होतं. पण बोर्ड मात्र आपलंच, महाराष्ट्राचं! पाचगणीतही तसंच. तिथली सेंट पीटर्स १९०४ सालची, अगदी इंग्लंडच्या पब्लिक स्कूलच्या धर्तीवरची. १९५० च्या दशकात झांझिबारहून फारुख बलसारा नावाचा मुलगा इथे होस्टेलला आला, तो पुढे फ्रेडी मर्क्युरी झाला. पण ही शाळा परीक्षा घेते आयसीएसईची, आणि ते बोर्ड भारतातलं, १९५८ साली स्थापन झालेलं. म्हणजे राहणी ब्रिटिश, सर्टिफिकेट भारतीय.

परीक्षेने ब्रिटिश असलेली शाळा म्हणजे आयजीसीएसई आणि ए-लेव्हलवाली. आयजीसीएसई साधारण आपल्या दहावीसारखी. त्यानंतर दोन वर्षं ए-लेव्हल, बहुधा तीनच विषय पण खोलात. तिसरा प्रकार आयबी. त्याचं मूळ स्वित्झर्लंडमधलं, शेवटच्या दोन वर्षांत सहा विषय. हिंजवडीची महिंद्रा इंटरनॅशनल आणि मुळशीतलं यूडब्ल्यूसी महिंद्रा कॉलेज (१९९७) ही आयबीची. त्यातलं यूडब्ल्यूसी निवासी आहे, पण फक्त शेवटच्या दोन वर्षांसाठी. तेव्हा पहिला प्रश्न शाळेला असा विचारायचा: शेवटी मुलाच्या हातात कागद कुठला पडणार?

आधी परतीचं तिकीट बघा

खरी गोम इथे आहे. शाळा निवडताना आपण इमारत, मैदान, स्विमिंग पूल बघतो. कोरियन कुटुंबाने आधी बघायचं ते परतीचं वर्ष.

कोरियात सहा, तीन आणि तीन अशी बारा वर्षांची शाळा. वर्ष सुरू होतं मार्चमध्ये, आपल्याकडे जूनमध्ये किंवा त्याच्या आसपास. त्यामुळे परत जाताना काही महिने पुढे-मागे होणारच. तिथली बारावीनंतरची परीक्षा म्हणजे सुनुंग. ती नोव्हेंबरात असते, आणि इंग्रजीच्या ऐकण्याच्या पेपराला विमानांची उड्डाणंसुद्धा थांबवतात! तीन विषयांची ए-लेव्हल अर्धवट सोडून अकरावीत परतलेला मुलगा या परीक्षेत टिकणं महाकठीण.

म्हणून हिशोब साधा आहे. आठवीपर्यंत परतायचं असेल तर बोर्डिंगच्या भानगडीत न पडलेलं बरं. पुण्यातली डे-स्कूल आणि घरी कोरियन भाषेचा अभ्यास पुरे. आयजीसीएसई पूर्ण करून परतायचं असेल तर पुढची वाट आधी शोधावी. कोरियाच्या जेजू बेटावर २०११ पासून नॉर्थ लंडन कॉलेजिएट स्कूलची शाखा आहे, तिथे आयजीसीएसईनंतर आयबी करता येतं. आणि बारावीपर्यंत इथेच थांबणार असतील, तरच पूर्ण बोर्डिंगचा विचार करावा.

आप्पांचा प्रश्न

कोरियनमध्येही वडिलांना "आप्पा" म्हणतात, आहे की नाही गंमत? बायकामुलांना शिक्षणासाठी परदेशी ठेवून एकटाच कोरियात कमावणारा बाप म्हणजे "किरोगी आप्पा". किरोगी म्हणजे रानहंस. वर्षातून एकदा-दोनदा उडत जाऊन पोरांना भेटणारा.

हे सांगायचं कारण असं. परदेशात राहिलेल्या मुलांसाठी कोरियन विद्यापीठांत वेगळी प्रवेशाची सोय आहे. पण त्यात सर्वसाधारणपणे तीन वर्षं परदेशी शिक्षण, त्यातलं एक हायस्कूलचं, आणि पालकही त्या काळात तिकडेच नोकरीला आणि राहायला, अशी अट असते. बारावीपर्यंतची सगळी बारा वर्षं बाहेर शिकलेल्यांचा मार्ग निराळा. म्हणजे मूल होस्टेलला ठेवून आप्पा वर्षभरातच सोलला परतले, तर ही सवलत हातची जाऊ शकते. नियम प्रत्येक विद्यापीठाचे थोडे वेगळे, तेव्हा फी भरण्याआधी तिकडे विचारून घ्यावं.

होस्टेल बघायला जाल तेव्हा

निवासी शाळा आपल्याला नवीन नाही. शिरूर तालुक्यातच पिंपळे जगतापला जवाहर नवोदय विद्यालय आहे, सहावीपासून पोरं घर सोडून राहतात. त्यांना विचारा, पहिल्या महिन्यात काय होतं ते! पण त्यांना रडताना निदान आपली भाषा बोलणारं कोणीतरी शेजारच्या कॉटवर असतं. म्हणून कोरियन आई-बाबांनी हे विचारावं: रात्री आजारी पडलं तर हाऊसमध्ये कोण असतं? फोन आठवड्यातून किती वेळा? दुसरं कोरियन मूल आहे का? इंग्रजी कच्चं असेल तर वेगळा तास आहे का? कोरियन वाचन-लेखन चालू ठेवायची सोय आहे का? (आयबीत मातृभाषेचं साहित्य स्वतः अभ्यासून तो विषय घेता येतो, हा मोठा फायदा.) शनिवार-रविवारी घरी सोडतात का? रांजणगावहून पाचगणी म्हणजे घाटासकट दीडशे किलोमीटरच्या आसपास. दौंडच्या पोरासारखं शटलने अप-डाऊन तिथे जमणार नाही.

आणि शेवटचं, सगळ्यात सोपं आणि सगळ्यात विसरलं जाणारं: मुलाला विचारा. नवा देश त्याने मागितलेला नाही, होस्टेलही त्याच्यावर न सांगता लादू नका. कोरियन बॉसला एवढं सांगितलंत तर अप्रेझल वाढेल की नाही माहीत नाही, पण चहा नक्की मिळेल!