डॉक्टरची फी आणि पाच लाखांचे कार्ड



मागे एकदा विंचूरला तीनपाटीवर चहा घेत असताना एका ज्येष्ठ सभासदांनी आम्हाला गाठले. नातवाचा ताप उतरेना म्हणून खासगी दवाखान्यात तीन खेपा झाल्या होत्या. तपासणी फी, इंजेक्शन, सलाईन, वर मेडिकलमधली औषधे. हातात कागद मात्र एकही नाही. "सरकारनं पाच लाखाचं कार्ड दिलंय म्हणता ना? मग हे पैसे माघारी कधी येणार?" असा त्यांचा रोकडा सवाल.

उत्तर कडू आहे. येणार नाहीत. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत पूर्वी कुटुंबामागे वर्षाला दीड लाखाचे संरक्षण होते, ते आता ५ लाखांचे झाले आणि पांढरे रेशनकार्डवालेही तीत आले, हे खरे. पण ती नोंदणीकृत हॉस्पिटलात दाखल होऊन करायच्या ठरावीक उपचारांसाठी आहे. तिथेही आपण आधी भरून मागून परत घ्यायचे नसते, पैसे परस्पर हॉस्पिटलला जातात. हृदयाचे ऑपरेशन तीत बसते, गावच्या डॉक्टरकडचा ताप-खोकला बसत नाही. अन् घरातला पैसा वर्षभर झिरपतो तो तिथूनच!

मग फी किती असावी? उसाला सरकार किमान दर ठरवते, तसा फॅमिली डॉक्टरच्या फीला कोणी ठरवत नाही. पण ती आधी सांगितली पाहिजे, एवढा नियम आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ सालच्या आचारसंहितेप्रमाणे फी व इतर आकार दवाखान्यातल्या फलकावर लावायचे, आणि उपचाराला हात घालण्याआधी सांगायचे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवे नियम निघाले, पण त्याच महिन्यात स्थगित झाले, म्हणून जुनेच चालू राहिले. हे ॲलोपॅथीच्या डॉक्टरांपुरते. आयुर्वेद व होमिओपॅथीच्या डॉक्टरांच्या परिषदा निराळ्या.

याच आचारसंहितेत पेशंट पाठवल्याबद्दल कमिशन देण्या-घेण्याला मनाई आहे. बोलीत त्याला 'कट' म्हणतात. सवलत मिळायची ती आजाऱ्याला, पण ती चिठ्ठी देणाऱ्याच्या खिशात जाते. आपल्या भाषेत ही काटामारीच. काट्यावरची वजनाची पावती आपण दोनदा वाचतो, किलोचा फरक पडला तरी वाद घालतो. दवाखान्यात मात्र खिशात हात घालून गप्प! तपासणीला पाठवले तर "का पाठवता, खर्च किती?" एवढे तरी विचारावे. झालेल्या खर्चाची पावती घ्यावी, सोबत औषधांची चिठ्ठीही सांभाळून ठेवावी.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. रात्री-अपरात्री दार उघडणारा डॉक्टर तोच असतो. "उसाचं बिल आलं की देतो" म्हटल्यावर वहीत नाव लिहून घेतो, एखाद्या म्हातारीची फी घेतच नाही. गावात फीची खरी सूट काय ती एवढीच, आणि ती कुठल्या कायद्याने मिळत नाही.

ज्यांना हा खर्च जड जातो त्यांनी एक ध्यानात ठेवावे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून तपासणीपर्यंत सारे मोफत केले आहे. लासलगावचे ग्रामीण रुग्णालय, निफाडचे उपजिल्हा रुग्णालय विंचूरहून लांब नाही. गर्दी असते, वेळ मोडतो, हे आम्हीही जाणतो.

हे सगळे आम्ही त्या सभासदांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, कपातला शेवटचा घोट घेतला आणि म्हणाले, "पावती मागतो की. पण आधी मागची उधारी चुकती करावी लागंल."