दारू सुटल्यानंतरचं वर्ष

दारू सोडवणाऱ्या समुपदेशकाची खरी कसोटी रुग्ण घरी परतल्यावर लागते. मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौंसरच्या पट्ट्यात हे काम करणारी माणसं हवीत आणि ती इथलीच हवीत, असं माझं ठाम मत आहे.

ऑक्टोबर २०२३मध्ये या दोन तहसिलींचा मिळून वेगळा जिल्हा झाला. इथला कारभार हिंदीत चालतो, घरात मराठी बोलतात आणि दुखणं वाढलं की नागपूर गाठतात. एम्सने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीत, दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या अडतीस जणांमागे एकालाच काहीतरी उपचार मिळाल्याचं दिसलं. उरलेल्या सदतीस जणांचा भार त्यांच्या बायका आणि आया उचलतात.

रोज पिणाऱ्याने एकदम दारू थांबवली, तर पहिल्या दोन-चार दिवसांत हात थरथरतात, झटके येऊ शकतात, नाही ते दिसू-ऐकू लागतं. घरच्यांना वाटतं, बाहेरचं काही लागलं. मग जामसावळीच्या मारुतीची वाट धरली जाते. समुपदेशकाने त्या श्रद्धेशी भांडू नये. मात्र आधी दवाखाना, दर्शन नंतर, हे त्याला घरच्यांच्या गळी उतरवता आलं पाहिजे, कारण या अवस्थेत जीवही जाऊ शकतो. तीच गोष्ट ‘न सांगता दारू सोडवा’ म्हणणाऱ्या जाहिरातींची. वरणात गुपचूप कालवलेली गोळी दारूबरोबर पोटात गेली, तर जिवावर बेतू शकतं. रुग्णाची बायको असं केल्याचं कुजबुजत सांगते, तेव्हा तिला दोष न देता तिच्या हातून ती गोळी काढून घ्यावी लागते.

मराठी मुलखात या कामाला वळण दिलं ते पुण्याच्या मुक्तांगणने. अनिल अवचटांचं गर्दच्या व्यसनावरचं लेखन वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे हलून गेले. त्यांच्या देणगीतून १९८६ साली डॉ. अनिता अवचट यांनी हे केंद्र उभं केलं. मला त्यातली सगळ्यात मोलाची वाटते ती एकच गोष्ट: बरे झालेले रुग्णच तिथे समुपदेशक झाले. ‘भाऊ, काल किती झाली?’ असं विचारणारा स्वतः त्या गल्लीतून आलेला असला, की समोरचा खोटं बोलायचं थांबतो. बायकांसाठी तिथे ‘सहचरी’ हा वेगळा गट आहे.

आपल्याकडे तेच काम पोळ्याच्या आधी करावं लागेल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर पांढुर्णा आणि सावरगावची गोटमार, म्हणजे दगडफेकीची जत्रा, होते. महिन्याभरापूर्वी दारू सोडलेल्या माणसाला तो दिवस फार जड जातो. जुने सोबती भेटतात, अंगात जोर संचारतो, ‘एकच घे’ असा आग्रह होतो. ‘मनावर ताबा ठेव’ एवढ्याने भागत नाही. त्या दिवशी तो कुठे असेल, कुणासोबत असेल, ओढ लागली तर फोन कुणाला करेल, हे आठवडाभर आधी त्याच्या शेजारी बसून ठरवावं लागतं. संत्र्याच्या तोडीची मजुरी हातात पडते तो दिवस आणि बोरगावच्या कारखान्यातल्या पगाराची तारीखही अशीच. तरीही पाय घसरला, तर ‘सगळं पाण्यात गेलं’ असं घरात कुणी म्हणायच्या आत समुपदेशक दारात पोचला पाहिजे. पुन्हा पिणं हा या आजाराचाच भाग असतो, आणि दुसऱ्या दिवशी उपचार नव्याने सुरू करता येतात.

या वाटेने जाऊ पाहणाऱ्या मुलामुलींनी मानसशास्त्र किंवा समाजकार्य निवडावं. समाजकार्याची जुनी महाविद्यालयं नागपुरात आहेत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. औषध लिहिणं हे डॉक्टरांचं काम, ही मर्यादा पहिल्या दिवसापासून पाळावी. पगार बेताचा असतो, थकवा मोठा असतो, आणि सांभाळलेला माणूस दगावला तर ते दुःख उरी राहतं. म्हणून नवख्याला एकट्याने राबवू नये, त्याच्या डोक्यावर जाणत्या वरिष्ठाचा हात हवा.

नव्या जिल्ह्याची घडी अजून बसते आहे, तोवरच पांढुर्णा आणि सौंसरच्या सरकारी दवाखान्यांत ठरलेल्या वारी मराठीत बोलणारा एक समुपदेशक बसवावा. त्याच्या प्रवासखर्चाची सोयही त्याच आदेशात असावी, कारण त्याचं निम्मं काम दवाखान्याबाहेर, घरोघरी जाऊनच होणार आहे.