समुद्र आणि कायदा (भाग ६) : तीन दिवसांचा हंगाम

2017 च्या जूनमध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने मेक्सिकोच्या आखातात स्वतःच्या बोटीतून गळ टाकणाऱ्या हौशी लोकांना रेड स्नॅपर पकडायला फक्त 3 दिवस दिले. 2007 मध्ये हाच हंगाम 194 दिवसांचा होता. मधल्या काळात मासा घटला म्हणावं, तर तो वाढला होता. मागच्या भागात व्यावसायिक बोटींचे कोटे पाहिले. तेच गणित हौशी मासेमारीला लावलं की कसं बिघडतं, ते इथे दिसतं.

रेड स्नॅपर आपल्या तांबोशीच्या कुळातला. पन्नास वर्षांहून जास्त जगू शकणारा. बेसुमार मासेमारी आणि कोळंबीच्या जाळ्यांत मरणारी पिल्लं, या दोन्हींमुळे एके काळी तो फार कमी झाला होता. म्हणून वर्षाला किती पौंड मासा काढायचा ते ठरलं. त्यातला 51 टक्के धंद्याचा, 49 टक्के हौशींचा. हौशी माणसाला दिवसाला 2 मासे, आणि तेही किमान 16 इंच लांबीचे.

व्यावसायिक बोट धक्क्याला लागली की माल तोलला जातो, नोंद होते. हौशी माणूस घरामागच्या खाडीतून बोट काढतो आणि संध्याकाळी मासा तळून मोकळा होतो. त्याचा हिशेब सरकारला सर्वेक्षणाच्या अंदाजाने मांडावा लागे, आणि तो अंदाज हाती येईपर्यंत हंगाम उलटून जाई. मग सरकारच्या हाती एकच उपाय उरला, दिवस कापायचे. मासे वाढले तसे ते मोठेही झाले. तेच 2 मासे आता जास्त वजनाचे भरू लागले आणि पौंडांतला कोटा लवकर संपू लागला. त्यात किनाऱ्यालगतच्या पाण्यावर हक्क राज्यांचा. टेक्सासने तिथला हंगाम वर्षभर खुला ठेवला, इतरांनीही आपापले दिवस वाढवले. ते मासेही त्याच कोट्यातून वजा होत, म्हणून खोल समुद्रातले दिवस आणखी घटले.

तीनच दिवस मिळाल्यावर वारा असो, लाटा असोत, लोक निघणारच. ओरड झाली तेव्हा वाणिज्य खात्याने 39 दिवस वाढवून दिले. मर्यादा ओलांडली जाईल आणि माशांची भरपाई लांबेल, हे त्याच आदेशात कबूल केलेलं होतं! पर्यावरण संस्था न्यायालयात गेल्या. माझ्या मते आधीचे 3 दिवस अन्यायाचे होते आणि नंतरचे 39 बेजबाबदारपणाचे.

या वादात परत सोडलेल्या माशाकडे फारसं कुणाचं लक्ष नव्हतं. स्नॅपर तीस-चाळीस मीटर खोलीवरून झपकन वर ओढला की पाण्याचा दाब एकदम उतरतो, पोटातला हवेचा फुगा फुगतो, जठर तोंडातून बाहेर येतं, डोळे खोबणीतून पुढे येतात. आखूड निघाला म्हणून कायद्याप्रमाणे पाण्यात सोडला, तरी त्याला खाली जाता येत नाही. तो वर तरंगत राहतो आणि डॉल्फिन किंवा पक्षी त्याला उचलतात. काही जण बाहेर आलेलं जठर फुगा समजून टोचतात, त्याने मासा आणखी जायबंदी होतो.

यावरचा उपाय साधा आहे. माशाच्या जबड्याला चिमटा लावायचा, चिमट्याला किमान 16 औंसांचं वजन आणि निदान 60 फूट दोरी. खाली गेल्यावर दाबाने फुगा पुन्हा आकसतो, ठरलेल्या खोलीवर चिमटा सुटतो आणि मासा पोहत निघून जातो. हे साधन किंवा हवा काढायची पोकळ सुई बोटीवर तयार ठेवण्याची सक्ती 2022 च्या जानेवारीत लागू झाली. माशाचं शरीर समजून घेऊन केलेला हा नियम मला हंगामाच्या सगळ्या तारखांहून मोलाचा वाटतो.

मोजणीचा प्रश्न राज्यांनी हाती घेतला. अलाबामाने 2014 पासून बोटीमागे एक नोंद सक्तीची केली. मासे किनाऱ्यावर उतरवण्याआधी ती द्यायची. मिसिसिपीत निघण्यापूर्वी फेरीचा क्रमांक घ्यावा लागतो आणि त्या फेरीचा हिशेब दिल्याशिवाय पुढचा क्रमांक मिळत नाही. 2020 मध्ये आखातावरच्या पाचही राज्यांना हौशींच्या कोट्यातला आपापला वाटा आणि त्याचा हंगाम ठरवायचा अधिकार कायमचा मिळाला. राज्यांचे आकडे केंद्राच्या आकड्यांशी जुळत नाहीत, त्यावरून नवी भांडणं सुरू झाली. त्यांच्याकडे पुढच्या भागात वळू.