फांदी धरणारा हात

सहा दिवस बँकेत आकडे जुळवायचे आणि रविवारी सकाळी कॅमेरा गळ्यात अडकवायचा, हा माझा १९८८ पासूनचा नेम. ३६ फोटोंचा एक रोल महिनाभर पुरवावा लागे. आमच्या कंपाउंडच्या भिंतीत पिंपळ उगवला होता. चैत्रात त्याची तांबूस पालवी उन्हात अशी काही उजळे, की चहा निवून जाई.

असं पान टिपायचं तर सूर्य पानामागे हवा. मग शीर न् शीर दिसते. प्रकाश मोजायचा तो पानाचा. मागच्या आकाशाचा मोजला, तर पान काळं येतं. पण पिंपळाचं पान जराशा वाऱ्यानंही थरथरतं. म्हणून फांदी धरायला सौ. उभी राही. "झालं का हो? दूध उतू जाईल," एवढीच तिची तक्रार.

परवा अल्बम काढले. पानांचे फोटो शेकड्यांनी. तिचे मोजून चार, तेही लग्नकार्यातले. मी ओशाळलो. तिनं मात्र एका फोटोच्या कडेला बोट ठेवलं. तिथं दोन हिरव्या बांगड्या होत्या.

म्हणाली, "मी आहे की!"

वाचकहो, तुमच्याही अल्बमच्या कडा एकदा नीट पाहा.