संगणक उद्योगाची रोजची बातमी

संगणक उद्योगाचे बातमीपत्र धंद्यातल्या माणसांसाठी निघते. यंत्रे विकत घेणारा कारखाना, ती विकणारी कंपनी, भांडवल गुंतवणारी बँक हा त्याचा वाचक. कुणी भाव उतरवला, कोणती चिप बाजारात आली, कंत्राट कुणाच्या पदरात पडले, हे त्याला इतरांच्या आधी हवे असते. अशी पत्रे मुख्यतः वर्गणीवर चालतात, आणि ती किती वेळा काढायची हे उद्योगाच्या वेगावर ठरते.

अमेरिकेत पॅट्रिक मॅकगव्हर्न यांनी १९६७ मध्ये ‘कॉम्प्युटरवर्ल्ड’ हे साप्ताहिक सुरू केले. संगणक तेव्हा अवाढव्य आणि मोजके होते. आठवड्याची बातमी पुरत असे. १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला आणि बाजार दर महिन्याला बदलू लागला. १९८३ मध्ये वेंडी वुड्स यांनी सॅन फ्रान्सिस्कोत ‘न्यूजबाइट्स’ ही वृत्तसेवा काढली. तिच्या बातम्या टेलिफोनच्या तारेवरून वर्गणीदारांच्या संगणकावर पोहोचत. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये ‘कॉम्प्युटरग्राम इंटरनॅशनल’ हे दैनिक बातमीपत्र सुरू झाले.

भारतात मुंबईतले संगणकाचे सुरुवातीचे काम संशोधकांच्या वर्तुळात झाले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या गटाने बांधलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० मध्ये कामाला लागला. १९६५ मध्ये कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. नरसिंहन तिचे पहिले अध्यक्ष. सोसायटीची प्रकाशने सभासदांपुरती होती आणि त्यांत बाजारापेक्षा विद्येला जागा अधिक होती.

रोजच्या बातमीला इथे विषयच नव्हता. परदेशी संगणक आणायचा तर सरकारची परवानगी लागे आणि आयात शुल्क जबर असे. १९७८ मध्ये आयबीएमने देशातून गाशा गुंडाळला. खरी बातमी असे ती परवान्याची, आणि ती दिल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्स विभागातून येई. १९८२ मध्ये प्रदीप गुप्ता यांनी दिल्लीतून ‘डेटाक्वेस्ट’ हे नियतकालिक काढले. सरकारच्या नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने परवाने आणि शुल्क सैल केले, तेव्हा कंपन्यांमध्ये स्पर्धा लागली. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सुट्या भागांचा बाजार वाढला. कंपन्यांना उलाढालीनुसार क्रम देणारी ‘डेटाक्वेस्ट’ची वार्षिक यादी उद्योगात गाजू लागली. १९९० मध्ये इंडियन एक्सप्रेस समूहाने ‘एक्सप्रेस कॉम्प्युटर’ हे साप्ताहिक आणले. बातमीचा विषय परवान्यावरून भाव आणि मालाकडे सरकला.

मराठीतले संगणकलेखन वेगळ्या वाटेने गेले. खामगाव तालुक्यातल्या पिंपळगाव राजासारख्या गावात चिपच्या भावापेक्षा संगणक चालवायचा कसा, हे आधी कळायला हवे होते. ती गरज वृत्तपत्रांतली सदरे, अच्युत गोडबोले यांच्यासारख्यांची पुस्तके आणि २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा ‘एमएस-सीआयटी’ अभ्यासक्रम यांनी भागवली.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वांसाठी खुले केले. जी बातमी महागड्या वर्गणीने मिळे, ती हळूहळू फुकट वाचता येऊ लागली. ‘न्यूजबाइट्स’ १९९७ मध्ये वॉशिंग्टन पोस्ट समूहाकडे गेली आणि २००२ मध्ये बंद पडली. रोज सकाळी ईमेलवर येणारी काही बातमीपत्रे आज पुन्हा वर्गणी मागतात. बातमी सगळीकडे मिळत असल्याने ती पैसे घेतात ते निवडीचे आणि विश्लेषणाचे.