करवंटीच्या कोळशात वीज कशी साठते?

नारळ खवून झाला की करवंटी चुलीत तरी जाते, नाहीतर कचऱ्यात. पण सुपरकपॅसिटर नावाच्या वीज साठवणाऱ्या साधनात लागणारा सच्छिद्र कार्बन बऱ्याचदा याच करवंटीपासून बनतो. तो कसा बनतो आणि वीज कशी धरून ठेवतो, ते क्रमाने पाहू.

आधी करवंटी हवा लागू न देता भाजतात. वायू आणि डांबर निघून जाते, कोळसा उरतो. मग 800 ते 1000 अंश सेल्सिअसला त्यावरून पाण्याची वाफ सोडतात. वाफ कार्बनशी संयोग पावते. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन तयार होऊन बाहेर पडतात. जिथला कार्बन गेला, तिथे छिद्र राहते. अशा एका ग्रॅम कोळशाचा आतला पृष्ठभाग दीड हजार चौरस मीटरपर्यंत भरू शकतो, म्हणजे कबड्डीची अकरा मैदाने! वाफ जास्त वेळ दिली, तर मात्र छिद्रांमधल्या भिंती ढासळतात. करवंटी कठीण, दाट आणि कमी राखेची असल्यामुळे तिच्यात बारीक छिद्रे भरपूर पडतात. उरलीसुरली खनिजे आम्लाने धुऊन काढतात, कारण त्यांच्यामुळे साठवलेली वीज झिरपून जाते.

या कोळशाच्या भुकटीत थोडी काजळी आणि चिकटद्रव्य मिसळून ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर लेप देतात. असे दोन पत्रे, मध्ये सच्छिद्र कागद आणि सगळीकडे आयन (विद्युतभारित कण) असलेले द्रावण, एवढी ही रचना. चार्जिंग सुरू झाले की धन पत्र्याकडे ऋण आयन आणि ऋण पत्र्याकडे धन आयन धावतात आणि छिद्रांच्या भिंतींना बिलगतात. भिंतीवरचा भार आणि आयन यांच्यात जेमतेम एका नॅनोमीटरचे, किंबहुना त्याहूनही कमी अंतर असते. पृष्ठभाग मोठा आणि अंतर इतके कमी, म्हणूनच वीज मावते. बॅटरीसारखी रासायनिक क्रिया इथे होत नाही. त्यामुळे काही सेकंदांत चार्जिंग होते आणि ते लाखो वेळा करता येते.

मग छिद्रे जितकी जास्त तितके चांगले का? तसे नाही. आयन शिरूच शकत नसेल, तर ते छिद्र फुकट. फार रुंद छिद्र नुसतीच जागा अडवते. आयनाभोवती द्रावकाच्या रेणूंचे वेष्टन असते, त्यामुळे एका नॅनोमीटरहून अरुंद छिद्रे निरुपयोगी, असा समज होता. 2006 साली जॉन चमिओला, युरी गोगोत्सी, पात्रिस सिमों आणि सहकाऱ्यांनी टायटॅनियम कार्बाइडपासून केलेल्या कार्बनवर उलटेच दाखवले: एवढ्या अरुंद छिद्रांत धारकता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, वाढते. आयन शिरताना वेष्टन सैल करतो आणि भिंतीच्या आणखी जवळ जातो, असे त्याचे स्पष्टीकरण त्यांनी दिले. मात्र आत लवकर पोहोचायला थोडी रुंद, एकमेकांना जोडलेली छिद्रेही हवीतच.

किलोमागे सुपरकपॅसिटरमध्ये साधारण 5 ते 10 वॉट-तास ऊर्जा मावते. लिथियम-आयन बॅटरीत 150 हून जास्त. साठा कमी, पण भरणे झटपट; म्हणून ब्रेक लावताना बसची ऊर्जा झटकन गोळा करणे, पवनचक्कीची पाती तातडीने वळवणे अशा कामांना तो शोभतो. नव्या कार्बनची पारख करताना त्याचा पृष्ठभाग किती, एवढेच विचारून भागत नाही. त्यातला किती भाग आयनाच्या आवाक्यात आहे, हे विचारायला हवे.