मिलोनं तारलं का?

बहात्तरच्या दुष्काळाचा विषय निघाला की जुनी माणसं लाल मिलोची आठवण काढतात. अमेरिकेतून आलेली ती ज्वारी, घशाखाली न उतरणाऱ्या तिच्या भाकरी, आणि सोबत सुकडी हा पूरक आहार. त्यातून एक समज पक्का झाला: परदेशी धान्य आलं म्हणून महाराष्ट्र जगला.

धान्य आलं हे खरं, पण रेशनवरचं धान्य गरजेच्या मानानं थोडंच होतं. माणसं जगली ती मजुरीवर. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख लोक दुष्काळी कामांवर होते. खडी फोडायची, पाझर तलावाची माती वाहायची, रस्त्यावर मुरूम टाकायचा. हाती आलेली रोकड बाजारात गेली आणि गिऱ्हाईक दिसल्यावर व्यापाऱ्यांनी परराज्यांतून धान्य आणलं, तेही राज्याबाहेर धान्य न्यायला निर्बंध असताना. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेज यांनी हा हिशेब तपशिलानं मांडला आहे. कामंही आपोआप निघाली नाहीत. त्यासाठी मोर्चे निघाले, घेराव पडले. ज्येष्ठ नेते वि. स. पागे यांनी आखलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ मध्ये कायद्याचं रूप मिळालं. तिच्यासाठी शहरातल्या पगारदारांकडून व्यवसाय कर घेतला गेला, हे आज कितीजणांना आठवतं?

धान्य संपतं म्हणून माणसं मरतात, हा दुसरा समज. १९४३ मध्ये बंगालात सुमारे ३० लाख लोक भूक आणि साथींनी गेले. अमर्त्य सेन यांच्या हिशेबानुसार त्या वर्षी १९४१ पेक्षा जास्तच धान्य उपलब्ध होतं. काहींना हे आकडे मान्य नाहीत. पण युद्धकाळात तांदूळ भडकला आणि शेतमजूर, कोळी, कारागीर यांना तो परवडेनासा झाला, यावर फारसा वाद नाही.

हवामानच बिघडलं, आता कोण काय करणार, असंही ऐकू येतं. पण करता येतं. इथिओपियात २००५ पासून टंचाईच्या महिन्यांत लाखो कुटुंबांना कामाच्या बदल्यात पैसे किंवा धान्य मिळतं. शेजारच्या सोमालियात मात्र २०१० पासून उपासमारीचे इशारे येत होते. मदत अपुरी पडली, अल-शबाब या सशस्त्र संघटनेनं ती अडवलीही, आणि सुमारे अडीच लाख लोक गेले. त्यांतली निम्मी पाच वर्षांखालची मुलं.

संयुक्त राष्ट्रांनी तिथं दुष्काळ जाहीर केला तो जुलै २०११ मध्ये. दर दहा हजारांमागे रोज दोन मृत्यू, हा त्या घोषणेच्या निकषांपैकी एक आहे.